विजेचा हिशेब गावातच व्हावा

(बुलढाणा जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या एकत्रित मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेवर बोलण्यासाठी अभियंत्याऐवजी माहिती खात्यातील माणूस उभा राहिलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ते रास्तच आहे. मी कला शाखेचा पदवीधर. महाविद्यालयात माझा संबंध आला तो काव्यशास्त्राशी आणि इतिहासाशी. विजेच्या बाबतीत मला शहाणे केले ते एका पोस्टकार्डाने.

काही वर्षांपूर्वी एका इमारतीवर बसविलेल्या सौर संचाविषयी मी एक वृत्त लिहिले होते. त्यात, 'हा संच दररोज १० किलोवॅट वीज निर्माण करतो,' असे वाक्य होते. चार दिवसांनी एका निवृत्त शिक्षकांचे कार्ड आले. मजकूर एवढाच: 'महोदय, वाक्यातून एक तर दररोज काढा, नाही तर किलोवॅट काढा. दोघांचा संसार एका वाक्यात होत नाही.' मला चूक कळली नाही. म्हणून मी कार्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो, आणि पुढचे दोन तास त्यांच्या ओसरीवर बसून जे शिकलो, त्यातलेच काही आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम माझ्या चुकीचा निकाल लावतो. किलोवॅट हे विजेच्या कामाच्या वेगाचे माप आहे, विजेच्या साठ्याचे नव्हे. पंप मिनिटाला किती लिटर पाणी फेकतो हा एक प्रश्न, आणि दिवसभरात हौद किती भरला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वॅटमध्ये, दुसऱ्याचे युनिटमध्ये. १००० वॅटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट होते. शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघालो की पारसचे औष्णिक वीज केंद्र दिसते. तेथे अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत. दोन्ही पूर्ण क्षमतेने १ तास चालले तर ५ लाख युनिट वीज निर्माण होते. मेगावॅट हा संचांचा गुण, युनिट ही त्यांची त्या तासाची कमाई. वर्तमानपत्रांतून आजही हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बसलेले दिसतात. त्यात पूर्वी माझाही हातभार होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. घाटाखाली पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीच पिकाला चालत नाही, हे दुःख वेगळे. परंतु घाटावर, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या बाजूंना, हरभरा फुलोऱ्यावर आणि पुढे घाट्यांवर येतो त्या दिवसांत विहिरीत पाणी असते, शेतात पीक असते, तारांत वीजही असते. पण मोटार ओढत नाही. ती घुमते, तापते आणि एखाद्या रात्री जळते. मोटार भरून आणायला तीन-चार दिवस जातात आणि पिकाची पाण्याची पाळी तेवढी थांबत नाही. डीपी जळाली तर एकट्याचे नव्हे, आठ-दहा घरांचे पाणी थांबते.

अशा वेळी ग्रामपंचायत अर्ज करते. माझ्या नोकरीत असे अर्ज पुष्कळ वाचनात आले. 'कमी दाबाने वीजपुरवठा होत असून पिकांचे अतोनात नुकसान होत आहे.' उत्तर येते, 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.' अर्ज खरा असतो, उत्तरही बहुधा प्रामाणिक असते. परंतु दोहोंत एकही आकडा नसतो. दाब कमी म्हणजे किती? कोठे मोजला? मोटार चालू होती की बंद? त्या वेळी प्रवाह किती होता? हे ठाऊक नसेल तर दोष वाहिनीचा, रोहित्राचा, की आपल्याच तारेचा, हे अर्जावरून कोणालाही ठरविता येत नाही. (आपल्याकडे विजेच्या संदर्भात आकडा म्हटले की तारेवर टाकायचा आकडा आठवतो. मी कागदावरच्या आकड्याविषयी बोलतो आहे. दुसऱ्या आकड्याकडे पुढे येऊच.)

नववीच्या विज्ञानात धाराविद्युत हा पाठ आहे. त्यात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध हे तीन शब्द येतात. वायरमन त्यांनाच व्होल्टेज, अँपिअर आणि ओहम म्हणतो. आपण दाब, प्रवाह आणि रोध म्हणू. ठिबकच्या नळ्या आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. मुख्य नळीशी दाब चांगला असतो. नळी लांब आणि बारीक असेल तर शेवटच्या झाडाशी थेंब मंदावतो. नळीने वाटेत दाब खाल्लेला असतो. तारेचेही असेच होते. किती खाल्ला, हे मात्र नळीपेक्षा तारेत अधिक सोपेपणाने काढता येते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, म्हणजे वॅट. भागाकार आणि गुणाकार यांपलीकडे यात काही नाही.

यातील भागाकार शोधून काढणारा गेओर्ग ओहम हा जर्मनीतील एक शाळामास्तर होता, हे शिक्षक मित्रांना सांगताना मला विशेष आनंद होतो. कोलोनच्या शाळेत शिकवीत असता त्याने तारा जोडजोडून प्रयोग केले आणि १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या देशातील विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. आज त्याचे नाव प्रत्येक वायरमनच्या तोंडी आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. विजेच्या शेगडीवर '२३० व्होल्ट, १००० वॅट' असे लिहिलेले असते. १००० ला २३० ने भागले की प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर. २३० ला ४.३५ ने भागले की रोध सुमारे ५३ ओहम. आता रात्री दाब १७० वर आला. शेगडीची तार तीच असल्याने रोध जवळजवळ तोच राहिला. मग प्रवाह १७० भागिले ५३, म्हणजे ३.२ अँपिअर, आणि शक्ती १७० गुणिले ३.२, म्हणजे ५४४ वॅट. दाब घटला एक चतुर्थांशाने, पण शक्ती उरली निम्म्याहून थोडी अधिक. दाब घटला की प्रवाहही घटतो, आणि गुणाकारात दोन्हींचा फटका बसतो. चहाला वेळ लागतो. शेगडीला मात्र काही इजा होत नाही.

मोटारीचे याच्या उलट आहे, आणि येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. मोटारीचा दाब आणि प्रवाह मोजून भागाकार केला तर जी संख्या येते ती तिच्या तारेचा रोध नसते. बंद मोटारीचे वाइंडिंग मीटरने तपासले तर त्याहून पुष्कळ लहान संख्या दिसेल. फिरणारी मोटार स्वतःच आत एक उलटा दाब निर्माण करते आणि येणाऱ्या प्रवाहाला थोपवून धरते. म्हणूनच गाळाने अडकलेली, न फिरणारी मोटार नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह घेते आणि थोड्याच वेळात जळते.

मोटारीवर भार असतो पाण्याचा. दाब घटला म्हणून विहीर उथळ होत नाही. तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते आणि मोटारीचा वेगही फारसा उतरत नाही. म्हणजे काम तेवढेच, शक्ती जवळजवळ तेवढीच. दाब कमी झाला तर गुणाकार पुरा करण्यासाठी प्रवाह वाढावाच लागतो. पाच अश्वशक्तीचा तीन फेजचा पंप घ्या. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाच म्हणजे ३७३० वॅट. हे झाले मोटारीने बाहेर दिलेले काम. आत काही वीज वाया जाते म्हणून ती घेते सुमारे ४६०० वॅट. तीन फेजच्या हिशेबात दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराला आणखी १.७३२ ने गुणायचे, आणि मग शक्तिगुणकाने, ज्याला वायरमन पॉवर फॅक्टर म्हणतो, तो ०.८५ धरू. ४१५ व्होल्टवर हा हिशेब साडेसात अँपिअरपर्यंत येतो. मोटारीच्या पाटीवर साधारण हाच आकडा आढळेल.

आता दाब ४१५ वरून ३१० वर उतरला. तेच काम करण्यासाठी प्रवाह १० अँपिअरवर जातो. वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १० ला ७.५ ने भागून वर्ग केला की १.७८. म्हणजे उष्णता पाऊणेदोन पटीहून अधिक. मोटार जळते ती वीज कमी मिळाल्यामुळे, असे आपण म्हणतो. मोटारीच्या बाजूने पाहिले तर ती प्रवाह जास्त घेतल्यामुळे जळते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य शासनाने वीजबिलात माफी दिली, तेव्हा काही जण मला म्हणाले, आता कशाला मोजायचे? बिल माफ झाले, पण वाइंडिंगमधील उष्णता माफ झालेली नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे सर्व माझ्या मनात पक्के बसले, तो सांगतो. घाटावरच्या एका गावात पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर एक अश्वशक्तीचा, एक फेजचा पंप होता. तो एका हिवाळ्यात दोनदा जळाला. वीज कार्यालयाविरुद्ध ठराव लिहून तयार होता. (१९६० साली स्थापन झालेल्या विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले, तरी गावात अजून सर्वजण एमएसईबीच म्हणतात. ठरावातही तेच लिहिले होते.) योगायोगाने मी त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी तेथे होतो, आणि गावातील एका वायरमनजवळ टाँग टेस्टर होता. हे यंत्र तारेभोवती नुसते चिमट्यासारखे धरायचे. तार तोडावी लागत नाही.

पंप चालू ठेवून आम्ही तीन आकडे घेतले. मीटरपाशी दाब २२५ व्होल्ट. विहिरीवर, पंपाच्या पेटीत, १८५ व्होल्ट. प्रवाह ९ अँपिअर. पाटीवर मात्र ७ होता. ठराव लिहिणारे सदस्य थोडा वेळ काही बोललेच नाहीत. कंपनीने गावाच्या हाती २२५ दिले होते आणि मधल्या तारेने ४० खाल्ले होते. ४० ला ९ ने भागले की ४.४ ओहम. हा त्या तारेचा रोध.

हे खरे कशावरून? दुसऱ्या बाजूने पडताळा घेता येतो. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १ मीटर ॲल्युमिनियम तारेचा रोध सुमारे ०.०२८ ओहम असतो. मीटर आणि विहीर यांत २०० मीटर अंतर होते. प्रवाह जाऊन परत यावा लागतो म्हणून तार धरायची ४०० मीटर. कोणी तरी स्वस्तात अडीच एमएमची ॲल्युमिनियमची वायर ओढली होती. ४०० गुणिले ०.०२८ भागिले २.५. उत्तर ४.५ ओहम. मीटरने सांगितले ४.४, कागदाने सांगितले ४.५. कला शाखेच्या माणसाला गणिताचा असा आनंद आयुष्यात फार वेळा मिळत नाही.

आणखी एक गुणाकार करू. तारेतले ४० व्होल्ट आणि ९ अँपिअर, म्हणजे ३६० वॅट. पंप रोज ६ तास चालत होता. रोजचे २१६० वॅट-तास, म्हणजे दोन युनिटांहून थोडे अधिक. महिन्याचे सुमारे ६५ युनिट. एवढी वीज पाणी न चढवता रस्त्याकडेची हवा तापवीत होती आणि तिचे बिल ग्रामपंचायत भरत होती. त्याच अंतराला १० एमएमची ॲल्युमिनियमची वायर टाकली तर रोध सुमारे १.१ ओहम होतो. ९ अँपिअर धरले तरी १० व्होल्टच जातात, आणि विहिरीवर २१५ मिळाले की मोटारीला ९ अँपिअर घ्यावेच लागत नाहीत. ठराव झाला, पण तो वायर बदलण्याचा.

यावरून दोष नेहमी आपलाच असतो, असा अर्थ कृपया काढू नये. मीटरपाशीच १७० व्होल्ट दिसले तर आपल्या वायरीला दोष देता येणार नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्यासाठी ६ टक्क्यांची मर्यादा घालून दिलेली होती. २३० ला ती लावली तर २१६ ते २४४ व्होल्ट. मोजलेला आकडा बरा की वाईट हे पाहण्यासाठी ही पट्टी आपल्याला आजही सोयीची आहे. पंप बंद असताना मीटरपाशी २२५ आणि सगळे पंप चालू होताच १७५, असे दिसले तर रोहित्र किंवा वाहिनी भाराखाली वाकली आहे असे समजावे.

रोहित्राचाही हिशेब करता येतो. ६३ केव्हीएचे रोहित्र आपल्या शिवारांत सर्वत्र दिसते. ६३,००० ला १.७३२ ने आणि ४३३ व्होल्टने भागले की ८४ अँपिअर येतात. एका फेजमधून एवढाच प्रवाह त्याने सोसावा अशी अपेक्षा आहे. साडेसात अँपिअरचे ११ पंप झाले की ८२.५. बारावा पंप आला की ९०. बारावा पंप परवान्याचा आहे की रात्री टाकलेल्या आकड्याचा, हे रोहित्राला समजत नाही. शिवाय भार वाढला की दाब उतरतो, दाब उतरला की प्रत्येक पंप साडेसातऐवजी दहाकडे सरकतो, आणि मग अकराच पंपांचे ११० होतात. एका आकड्याने दहा प्रामाणिक ग्राहकांच्या मोटारी धोक्यात येतात त्या अशा. यावर ग्रामसभेत भाषणे करण्यापेक्षा ही बेरीज फळ्यावर लिहावी, असे माझे मत आहे.

ऑटो स्विचचेही तेच. वीज आली की सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार पाचसहा पट प्रवाह मागते. दोनदोन मिनिटांच्या अंतराने चालू करणाऱ्या शेजाऱ्यांची डीपी अधिक टिकते. कपॅसिटर बसविला तर त्याच कामाला प्रवाह कमी लागतो. त्याची किंमत मोटार एकदा भरण्याच्या खर्चापुढे अगदी किरकोळ आहे.

वीज दुरून आणताना दाब एवढा चढवून का आणतात, हेही या गुणाकारातून कळते. तेच ६३ केव्हीए ११,००० व्होल्टच्या वाहिनीतून केवळ ३.३ अँपिअरने येतात. प्रवाह थोडा म्हणून वाटेतील तारेतली उष्णता नगण्य. म्हणून उच्चदाब तार शेताजवळ आणावी आणि लघुदाबाची तार आखूड ठेवावी, हे शहाणपणाचे. २०१८ साली राज्यात शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली हाती घेण्यात आली, तिच्यामागे हाच विचार होता: एकदोन शेतकऱ्यांना मिळून एक लहान रोहित्र.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. नववीच्या वर्गात हा पाठ शिकवताना तीन टॉर्चचे सेल, थोडी बारीक तार आणि एक साधा मीटर पुरतो. तार दुप्पट लांब केली की प्रवाह निम्मा होतो, हे मुलांनी स्वतः पाहावे. जुना पिवळा बल्ब मिळाला तर आणखी एक गंमत दाखवा. ६० वॅटच्या बल्बचा रोध हिशेबाने ८८२ ओहम येतो. परंतु थंड बल्ब सुटा करून मीटरने मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. तापलेल्या तंतूचा रोध वाढतो म्हणून असे होते. मुले गोंधळतील, आणि तो गोंधळ चांगला असतो. मात्र घरच्या वा शेतातल्या वीजजोडणीला मुलांनी हात लावता कामा नये. तेथील मोजणी जाणकार वायरमननेच करावी. मुलांनी आकडे लिहून घ्यावेत आणि भागाकार करावा.

ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, रोहित्राचा क्रमांक, मीटरपाशी दाब, पंपापाशी दाब, प्रवाह आणि त्या वेळी किती पंप चालू होते. एक दिवसाचा आकडा पुरत नाही; आठ दिवसांचे, सकाळ-रात्रीचे असावेत. त्याची प्रत जोडून अर्ज करावा. अशा अर्जाला, 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे,' एवढेच उत्तर देणे अधिकाऱ्यालाही अवघड जाते, हे मी अधिकारी असूनच सांगतो.

ते पोस्टकार्ड मी जपून ठेवले आहे आणि आज सोबत आणले आहे. कोणाला पाहावयाचे असल्यास टेबलावर ठेवतो. बाहेर आवारातील विहिरीवर वायरमन टाँग टेस्टर घेऊन थांबले आहेत. पाटीवरचा आकडा आपण आधी वहीत लिहून घेऊ, आणि मग पंप चालू करू.